हलकी बिटर: चव, गुण आणि दुरुस्तीच्या नोंदी (बॅच 1 आणि 2)

3 फेब्रुवारी 2025

काम असं: पुण्यातल्या ब्रूपबच्या (स्वतःची बिअर बनवणाऱ्या पबच्या) नळांवर कायमची एक हलकी बिटर, म्हणजे इंग्लिश पद्धतीची कडसर बिअर, बसवायची. इंग्लंडच्या पबात जिला ‘ऑर्डिनरी बिटर’ म्हणतात, ती. बीजेसीपी या बिअर-परीक्षकांच्या संस्थेच्या 2021 च्या शैलीपुस्तकात ती 11ए मध्ये येते: सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेतली घनता; साखर जितकी जास्त तितकी ती जास्त) 1.030 ते 1.039, शेवटची 1.007 ते 1.011, कडूपणा 25 ते 35 आयबीयू, रंग 8 ते 14 एसआरएम, अल्कोहोल 3.2 ते 3.8 टक्के. आमचा नेम 1.037 वरून 1.009 वर उतरायचा, म्हणजे 3.7 टक्के, कडूपणा 30.

गुणपत्रिका बीजेसीपीचीच, 50 गुणांची: वास 12, रूप 3, चव 20, तोंडातला भर 5, एकूण मत 10. तिच्या मापात 21 ते 29 म्हणजे चांगली, 30 ते 37 फार चांगली, 38 ते 44 उत्कृष्ट. पाच जणांची सरासरी 35 च्या वर गेल्याशिवाय फळ्यावर नाव लिहायचं नाही, असं ठरलं.

ही शैली सोपी वाटते आणि फसवते. सात टक्क्यांच्या आयपीएत अल्कोहोलची ऊब असते, माल्टचा गोडवा असतो, हॉप्सचा (बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा) भडिमार असतो. एखादा दोष त्यात बुडून जातो. इथे घोटात पाणी जास्त आणि बाकी सगळं थोडं. पाण्याचा, यीस्टचा, गाळणीचा प्रत्येक निष्काळजीपणा सरळ जिभेवर येतो.

5 फेब्रुवारी, बॅच 1

मॅरिस ऑटर माल्ट 75 किलो, गडद क्रिस्टल माल्ट 5 किलो. किलोला अडीच लिटर हिशेबाने 200 लिटर पाण्यात 66 अंशांवर 60 मिनिटं मॅश (दळलेलं माल्ट गरम पाण्यात भिजवून साखर काढणं). उकळीआधी केटलमध्ये 565 लिटर, तासाभराच्या उकळीनंतर 520 लिटर, ग्रॅव्हिटी 1.037.

हॉप्स: ईस्ट केंट गोल्डिंग्ज (अल्फा, म्हणजे कडूपणा देणारं आम्ल, 5 टक्के) 1 किलो, पूर्ण 60 मिनिटं. फगल (अल्फा 4.5) 500 ग्रॅम, शेवटची 15 मिनिटं. आच बंद केल्यावर गोल्डिंग्ज आणखी 500 ग्रॅम. पहिल्या हप्त्यातून साधारण 25 आणि दुसऱ्यातून साडेपाच, म्हणजे हिशेबाने 30-31 आयबीयू.

यीस्ट सॅफेल एस-04, 300 ग्रॅम, 18 अंशांवर टाकलं.

पाणी: मॅशला आरओ, त्यात जिप्सम आणि कॅल्शियम क्लोराइड. स्पार्जला (मॅशनंतर दाणा गरम पाण्याने धुवायला) बोअरचं, कारण आरओची टाकी 300 लिटरची आणि ती मॅशमध्ये व धुण्यात संपली. (ही ओळ त्या दिवशी कुणाला खटकली नाही. पुढे 24 तारखेची नोंद पाहा.)

9 फेब्रुवारी

ग्रॅव्हिटी 1.010. इंग्लिश यीस्ट लवकर गुठळ्या होऊन तळाला बसतं आणि स्वतः सोडलेलं डायअसेटिल (लोण्याच्या वासाचा पदार्थ) परत खायला वर थांबत नाही. म्हणून लगेच गार करायचं नाही. टाकी 20 अंशांवर नेली, दोन दिवस तशीच ठेवणार.

11 फेब्रुवारी

डायअसेटिलची गरम चाचणी. दोन बाटल्यांत नमुना घेतला. एक झाकण लावून 60 अंशांच्या पाण्यात 20 मिनिटं, दुसरी खोलीतच. गरम केलेली गार करून दोन्ही शेजारी हुंगल्या. उष्णतेने डायअसेटिलचा पूर्वपदार्थ उघडा पडतो, त्यामुळे पुढे केगमध्ये जे होणार ते आजच कळतं. गरम बाटलीत लोणी किंवा बटरस्कॉचचा वास नाही. ग्रॅव्हिटी 1.009. गार करायला हरकत नाही.

इंग्लंडमध्ये पिंपातली बिटर निवळायला माशाच्या वाताशयापासून केलेलं आयसिंगग्लास वापरायची जुनी पद्धत आहे. इथे शाकाहारी गिऱ्हाईक मोठं, त्यामुळे ते नको. उकळीत आयरिश मॉस (समुद्री शेवाळ) आणि नंतर थंड टाकीत आठवडाभर कळ काढायची, एवढंच.

20 फेब्रुवारी, पहिली चव

सकाळी 11 वाजता, पाच जण. आदल्या तासात चहा-कॉफी, पान, मिसळ काही नाही. अत्तर नाही, खोलीत उदबत्ती नाही. मध्ये तोंडाला साधं पाणी आणि अळणी पाव. ग्लास भांडी घासायच्या साबणाने न धुता ग्लासांच्या पावडरीने धुतलेले. ओल्या ग्लासात पाणी सलग पसरतं की थेंब धरतं ते पाहून घेतलं. थेंब धरले तर आत तेलाचा थर आहे, आणि मग फेस बसला तर दोष बिअरला द्यायचा नाही.

ओतल्याबरोबर आधी नाक. गंधकाचा, उकडलेल्या मक्याचा वास मिनिटभरात उडून जातो, तो आधी पकडायचा. मग रंग आणि फेस, मग घोट. पत्रिका भरेपर्यंत कुणी बोलायचं नाही. एकाने ‘लोणी’ म्हटलं की बाकी चौघांना लोणीच लागतं.

गुण: 31, 28, 33, 26, 29. सरासरी 29.4. कमी-जास्तातला फरक 7. याच्या पुढे गेला तर परत बसून बोलावं लागतं.

28 वाल्या पत्रिकेची फोड: वास 8, रूप 3, चव 10, भर 2, एकूण 5. वासात खारी बिस्किटाचा खमंगपणा, थोडी काकवी, मागे फगलचा मातकट सूर. पहिला घोट चांगला. चौथ्या घोटापासून पडझड. पाचही पत्रिकांवर एकच शेरा वेगवेगळ्या शब्दांत: ‘जास्त कडू’, ‘कडवटपणा रेंगाळतो’, ‘कडू आणि कोरडी’.

सोपा उपाय समोर होता: पहिल्या हप्त्यातले 200 ग्रॅम गोल्डिंग्ज कमी करायचे. तो केला नाही. 30 आयबीयूला 37 ग्रॅव्हिटी म्हणजे गुणोत्तर 0.8, आणि बिटरला ते शोभतं. शिवाय नुसता कडूपणा पहिल्याच घोटाला कळला असता. चौथ्या घोटाची वाट पाहिली नसती.

21 फेब्रुवारी, ‘कडू’ म्हणजे नक्की काय

शब्दाचाच घोळ आहे. संस्कृतातला ‘कटु’ म्हणजे तिखट आणि ‘तिक्त’ म्हणजे कडू. मराठीत येताना ‘कडू’ने जागा बदलली. ‘तुरट’ मात्र ‘कषाय’ची जागा नेमकी धरून आहे, आणि हा शब्द रोजच्या वापरात असणं ही चव घेणाऱ्यासाठी मोठी सोय आहे. तरी टेबलावर बसलं की सगळं ‘कडू’त जातं, कारण बिअर कडू असते हे आधीच डोक्यात असतं.

म्हणून सराव केला. बाजारातली एक सौम्य लागर, चार जग. पहिला तसाच. दुसऱ्यात हॉप्सचा आयसोमराइज्ड अर्क. तिसऱ्यात दहा मिनिटं खळखळ उकळलेला कोरा चहा, लिटरला 40 मिली. चौथ्यात दोन्ही.

फरक ओळखायची कृती, सगळ्यांना जमेपर्यंत करून घेतली: घोट गिळा, पाच सेकंद थांबा, जिभेचं टोक पुढच्या वरच्या दातांच्या आतल्या बाजूवरून फिरवा. जीभ सरकली तर ते कडू आहे. अडकत, ओढत गेली, जांभूळ खाल्ल्यावर जाते तशी, तर तुरट. कडूपणा ही चव. ती चढते, टोकाला जाते, उतरते. तुरटपणा ही मुळात चव नाही, स्पर्श आहे: टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं आणि तोंडाचं वंगण जातं. म्हणून तो घोटागणिक साचत जातो. चौथ्या घोटाचं कोडं इथे सुटायला लागलं.

सरावानंतर बॅच 1 पुन्हा ओतली. पाचपैकी चौघांनी ‘तुरट’वर खूण केली. पाचव्याने दोन्हींवर.

22 फेब्रुवारी

जिभेवर भागवायचं नाही म्हणून पीव्हीपीपीची चाचणी. ही पावडर पॉलिफेनॉल धरून तळाला नेते आणि हॉप्सच्या कडूपणाला फारसा हात लावत नाही. अर्धा लिटर बिअरमध्ये 0.25 ग्रॅम, म्हणजे हेक्टोलिटरला 50 ग्रॅमचं प्रमाण. ढवळून तासभर थंडीत, वरची निवळ कागदातून गाळून घेतली. तुलनेची बिअरही पावडरीशिवाय तशीच ढवळून, थांबवून, गाळून. नाहीतर गेलेल्या वायूचाच फरक लागेल.

त्रिकोणी चाचणी: प्रत्येकाला तीन ग्लास, दोन सारखे, एक वेगळा, वेगळा शोधायचा. स्वयंपाकघर आणि काउंटरवरचे मिळून 12 जण. बाराजणांत निव्वळ अंदाजाने चार बरोबर येऊ शकतात. 5 टक्के पातळीवर फरक खरा मानायला 8 लागतात. आले 9. बरोबर ओळखणाऱ्यांपैकी सात जणांनी पीव्हीपीपीचा ग्लास ‘कमी कडू’ म्हणून निवडला. हॉप्स दोन्हींत तेवढेच होते.

पावडर हे निदान आहे, औषध म्हणून वापरायची नाही. टॅनिन मुळात उतरूच नये ते बघायचं.

24 फेब्रुवारी, चूक सापडली

बॅच 1 चा कागद आकड्यानिशी पुन्हा मांडला. 80 किलो दाणा, 200 लिटर मॅश. दाणा किलोला साधारण लिटरभर पाणी पिऊन बसतो, म्हणजे पहिला निचरा 120 लिटर. केटलला हवे 565. उरलेले 445 लिटर सगळे स्पार्जचे: किलोला साडेपाच लिटर. याच केटलमध्ये 1.060 ची बिअर केली तर दाणा 130 किलोच्या आसपास आणि स्पार्ज किलोला तीन लिटरहून कमी. हलक्या बिअरची खोड हीच आहे. दाणा थोडा, पाणी तेवढंच, मग शेवटचे शंभर लिटर नुसता चोथा धूत राहतो.

साखर संपत आली की निचऱ्याची आम्लता राखणारंही काही उरत नाही आणि पीएच चढतो. पीएच 6 च्या जवळ आणि पाणी 77 अंशांच्या वर, ही जोडी जमली की टरफलातलं टॅनिन सुटतं. त्या दिवशी तीन गोष्टी जमल्या होत्या:

- शेवटच्या निचऱ्याची ग्रॅव्हिटी 1.004. थांबायला हवं होतं 1.010 वर.
- बोअरचं पाणी. दख्खनच्या खडकातलं, बायकार्बोनेटचं; ते पीएचला वर ढकलतं. निचऱ्याचा पीएच 6.1 लिहिलेला आहे आणि त्यापुढे बरोबरची खूण!
- गरम पाण्याच्या टाकीचा काटा 82 वर. नळीत उष्णता जाते म्हणून कुणीतरी वाढवला होता; दाण्याच्या थरात 79 मिळत होते.

उताऱ्याचा हव्यास नडला. 80 टक्के उतारा (दाण्यातल्या साखरेपैकी हाती आलेली) मिळाला म्हणून त्या दिवशी समाधान होतं. 77-78 टक्क्यांवर थांबून तीन किलो माल्ट जास्त घालणं केव्हाही स्वस्त.

27 फेब्रुवारी

आरओसाठी 1000 लिटरची जादा टाकी बसली. रात्रभर भरते. पीएच मीटर 4 आणि 7 च्या द्रावणांवर लावून घेतला.

1 मार्च, बॅच 2

पाणी 700 लिटर, सगळं आरओ. जिप्सम 250 ग्रॅम, कॅल्शियम क्लोराइड 100 ग्रॅम. त्यातून सल्फेट 200, क्लोराइड 70, कॅल्शियम 120 पीपीएमच्या आसपास. बर्टन-अपॉन-ट्रेंटच्या विहिरींत जिप्सम मुबलक, आणि तिथल्या पेल एलचा कडूपणा स्वच्छ, कोरडा लागायचं एक कारण तेच. पण बर्टनचं सल्फेट याच्या कितीतरी पट आहे; 3.7 टक्क्यांच्या बिअरला तेवढं घातलं तर खनिजाचा खरखरीतपणा येतो. 200 पुरे.

मॅरिस ऑटर 78 किलो, क्रिस्टल 5. मॅश पातळ: किलोला साडेतीन लिटर, 290 लिटर. पीएच खोलीच्या तापमानाला गार करून मोजला, 5.35. स्पार्जच्या पाण्यात लॅक्टिक आम्ल थेंबाथेंबाने, मीटर बघत, 5.5 पर्यंत. आरओला फारच थोडं लागतं. बोअरच्या सवयीने ओतलं तर आंबट होईल. थराचं तापमान 75.

पहिला निचरा 207 लिटर, स्पार्ज 270. इथे ग्रॅव्हिटी 1.010 झाली, नळ बंद. उरलेले 88 लिटर तयार पाणी सरळ केटलमध्ये. उकळीनंतर 520 लिटर, 1.037. हॉप्सची वजनं आणि वेळा बॅच 1 प्रमाणे, ग्रॅमचाही फरक नाही. हॉप्सला हात लावला असता तर पुढच्या चवीला काही अर्थ राहिला नसता.

केटलला न घेता पाच लिटर जास्तीचा निचरा बादलीत काढला, चवीसाठी. 1.010 चा चमचा: पातळ, गोडसर, सातूच्या पाण्यासारखा. बादलीतला, 1.005, पीएच 5.8: पेंढ्याचा वास, गोडी जवळपास नाही, आणि दातांवर जीभ अडखळते. उकळ्यात राहिलेली चहाची पूड चोखल्यासारखं. हे आम्लयुक्त आरओवरसुद्धा. गेल्या खेपेला असं काहीतरी, याहून वाईट, शंभर लिटर आत गेलं होतं.

पाणी आणि निचऱ्याची हद्द दोन्ही एकदम बदलले, त्यामुळे कुणाचा वाटा किती ते सांगता येणार नाही. वेगळं करायला आणखी दोन बॅच लागतील. दोन्ही गोष्टी तशाही बरोबरच आहेत, म्हणून पुढे चाललो.

7 मार्च

1.009. गरम चाचणी स्वच्छ. थंड करायला सुरुवात.

17 मार्च, बॅच 2 ची चव, आणि पुन्हा ‘कडू’

लागरच्या नळावरून ओतली. गुण 32, 30, 31, 33, 29, सरासरी 31. तुरटपणाच्या रकान्यात खूण नाही. पण तिघांनी लिहिलं ‘टोचरा कडूपणा, वास बंद’.

दातांची चाचणी केली, जीभ सरकते. मग ग्लास काट्याने ढवळून वायू घालवला, तळहातात धरून 12 अंशांपर्यंत येऊ दिला. आता संत्र्याच्या सालीच्या मुरंब्यासारखा वास वर आला, माल्टला अंग आलं, टोच गेली.

म्हणजे यावेळचं ‘कडू’ कार्बन डायऑक्साइडचं. केग चार अंशांवर 12 पीएसआयच्या लागरच्या जोडणीला आठवडाभर होता. तिथे वायू बिअरच्या आकारमानाच्या अडीच पटीपर्यंत भरतो. कार्बोनिक आम्लाची चुरचुर आणि थंडी मिळून माल्ट दाबतात, आणि मागे हॉप्सचं नुसतं टोक उरतं. इंग्लंडमध्ये पिंपातली बिटर 11 ते 13 अंशांवर, वायू जेमतेम एक-सव्वा पट, हातपंपाने ओढून देतात. 1971 मध्ये सुरू झालेल्या कॅम्रा या ब्रिटिश बिअर-ग्राहकांच्या संघटनेने जी पद्धत जपायला लढा दिला ती हीच. हातपंप इथे नाही, पण तापमान आणि दाब आपल्या हातात आहेत.

20 मार्च

नळ क्रमांक 6 ग्लायकॉलच्या (गार ठेवणाऱ्या द्रवाच्या) मुख्य फेऱ्यातून काढून वेगळ्या झडपेवर. केगसाठी 12 अंशांचं वेगळं कपाट. दाब 7 पीएसआय. या तापमानाला वायू 1.6 पटीच्या आसपास राहतो. जास्तीचा वायू रोज दोनदा झडपेतून सोडून, तीन दिवसांत खाली आणला. एकदम सोडला तर फेस झडपेतून बाहेर येतो आणि फेस धरणारी प्रथिनंही सोबत जातात.

पुण्यात मार्चची दुपार तापते. नळीचा शेवटचा दीड मीटर उघडा आहे, त्यातली बिअर पहिल्या ग्लासला 18 अंशांवर आली. नळीला फोम गुंडाळला. दुपारचा पहिला अर्धा ग्लास ओतून टाकायचा, ही सूचना काउंटरवर चिकटवली.

24 मार्च, तीच बॅच, नळ 6

12 अंश, साधा ग्लास, फ्रीजरमधला नाही. गुण 36, 35, 38, 34, 37. सरासरी 36.

38 वाली पत्रिका: वास 9, रूप 3, चव 16, भर 3, एकूण 7. शेरे: ‘तांबूस, लख्ख. फेस पातळ पण ग्लासला जाळी धरून उतरतो. आधी भाजलेल्या पावाची कड, मग मुरंबा, मग गोल्डिंग्जची फुलांची, किंचित मसालेदार झाक. कडूपणा ठाम, मेथीच्या कोवळ्या पानासारखा, गिळल्यावर स्वच्छ मिटतो. सहावा घोटही पहिल्यासारखा.’

गुण कुठे गेले तेही लिहितो: वासात उशिराच्या हॉप्सचा जोर कमी, तिघांनी नोंदवला. गोल्डिंग्जचं उघडं पाकीट हुंगलं, हलका जुन्या चीजचा वास. आयसोव्हॅलेरिक आम्ल, पाकिटात हवा गेली आणि ते साध्या फ्रीजमध्ये पडलं की होतं. उरलेले 600 ग्रॅम बाद. यापुढे पाकीट उघडलं त्याच दिवशी वजनं करून, निर्वात करून, उणे 18 वर.

30 मार्च

पाडवा. चव नाही. कपाटाचं तापमान 12, दाब 7.

2 एप्रिल

फळ्यावर नाव लिहिलं: ‘हलकी बिटर, 3.7%’. खाली ‘12 अंशांवर दिली जाते’ असंही, कारण ‘गरम आहे’ ही तक्रार येणारच, आणि काउंटरवरच्याला उत्तर पाठ असावं.

गुणपत्रिकेत ‘कडू’चा एक रकाना होता, त्याचे तीन केले: कडू (मिटतो की रेंगाळतो), तुरट (दातांची चाचणी, चौथ्या घोटाला), टोच (ढवळून पुन्हा चव).

बॅच 2 चे दोन केग बाकी. एवढी हलकी बिअर लवकर शिळी होते. ओल्या पुठ्ठ्याचा वास शोधत दर आठवड्याला एक ग्लास. पुढची चव 9 एप्रिल, केग 3. बॅच 3 साठी नवं गोल्डिंग्ज, आच बंद केल्यावरचा हप्ता 500 वरून 650 ग्रॅम. बाकी सगळं जसंच्या तसं.